किती पोरींना काम लागलं?

भाचीनं मला एक साधा प्रश्न विचारला. "मावशी, इथून पास झालेल्या किती पोरींना काम लागलं?"

मी तिचा आयटीआय प्रवेशाचा फॉर्म भरत होते. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन, आणि निकाल लागले की दाराबाहेर चपलांचा ढीग. तालुक्या-तालुक्यांतून पोरं-पोरी येतात आणि सगळ्यांच्या तोंडी संस्थांच्या फ्लेक्सवरचं तेच वाक्य असतं, शंभर टक्के नोकरी. मी फॉर्म भरते, फोटो चढवते, पावती हातात देते. आजवर हा प्रश्न मला कुठल्या पोरीनं विचारला नव्हता. विचारलाही असेल, तर मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल. पण ही माझ्या धाकट्या बहिणीची लेक, माझ्याच घरी उतरलेली. उत्तर मिळाल्याशिवाय उठायची नाही.

तिला घाईही होती आणि भीतीही. तिचा बाप सोयगावच्या बाजारात मापाडी आहे, लोकांचा माल तोलून पावती लिहून द्यायची हे त्याचं काम. त्यानं पोरीला स्पष्ट सांगितलं होतं, शहरात एकदाच पाठवीन. एक कोर्स, आणि कोर्सच्या शेवटी काम. काम लागलं नाही तर गुमान परत यायचं, आणि मग सिल्लोडचं जे स्थळ आलंय त्यांना होकार. पोरगी सतरा वर्षांची. घरातली इस्त्री, मिक्सर, शेजाऱ्यांचा पंखा, सगळं उघडून बसणारी. तिला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. तो ट्रेड तिला दोन ठिकाणी मिळत होता, एक सरकारी आयटीआय आणि एक एमआयडीसीच्या बाजूची खासगी संस्था. निवड बदलायला नऊ दिवस हातात होते.

"थांब," मी म्हणलं, "बघून सांगते. सरकारकडं सगळं असतं."

हे मी म्हणलं. माझ्याच तोंडानं. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

त्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर मी शोधायला बसले. माझं तर हेच काम, कुठल्या पानावर कुठलं बटण दडवलंय ते मला पाठ. एका सरकारी पानावर प्रवेश किती झाले ते होतं. दुसऱ्यावर पास किती झाले ते होतं, तेही दोन वर्षांपूर्वीचं, आणि कागद आडवा स्कॅन केलेला, मान वाकडी करून वाचायचा. पास झाल्यावर त्या पोरांचं काय झालं, याचं एक पान होतं खरं. त्यावर दाबलं की लिहून यायचं, काम चालू आहे. भाची शेजारी बसून बघत होती. "काय काम चालू आहे मावशी?" ती म्हणाली. मी म्हणलं, "मला काय माहीत, त्यांच्या बापाचं तेरावं चालू असंल."

सांगा, राग येणार नाही तर काय होईल? एका पोरीचा फॉर्म भरताना मला त्या सरकारला तिचं काय काय द्यावं लागतं. जात, धर्म, आधार, रक्तगट, बापाचं उत्पन्न, आईचं शिक्षण, घरात संडास आहे का नाही, बँकेचं खातं, दहावीला कितव्यांदा बसली. एक चौकट रिकामी ठेवली तर फॉर्म पुढं सरकत नाही, लाल अक्षरात ओरडतो. सगळा जिल्हा माझ्यासारख्या बायाबापड्यांच्या बोटांनी त्यांच्या पोटात जातो. आणि त्याच पोरीनं एक आकडा उलट मागितला, नाव नको, गाव नको, निव्वळ आकडा, तर काम चालू आहे!

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी त्या कार्यालयात गेले. कुठल्या ते लिहीत नाही, सगळी एकाच मातीची. भाचीला सोबत नेलं. टेबलावरच्या बाबूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अशी माहिती देता येत नाही. गोपनीय आहे."

"अहो, मला कुणाचं नाव नकोय. किती पोरी शिकल्या आणि त्यातल्या किती कामाला लागल्या, एवढंच."

"मग त्या आकड्याचं तुम्ही करणार काय?"

"हिला कुठं घालायचं ते ठरवणार."

तो भाचीकडं बघून हसला. "पोरगी हुशार दिसते. कुठंही घाला, चमकेल."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या पोरींच्या बाबतीत हे बरं असतं. आकडा मागितला की आशीर्वाद देतात. मी म्हणलं, "साहेब, तुमची पोरगी कुठं शिकते?" त्यानं पुण्याचं एक कॉलेज सांगितलं. "तिला घालताना विचारलं होतं का, किती जणांना नोकरी लागते?" तो म्हणाला, "म्हणजे काय, विचारणारच ना." बोलून गेला. मग फाईल ओढून घेतली आणि मला म्हणाला, माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

केला. तिथंच बाकावर बसून लिहिला, तिकीट चिकटवलं. आवक टेबलवरची बाई पोच द्यायला तयार नव्हती, म्हणे उद्या या. मी म्हणलं, शिक्का मारल्याशिवाय मी इथून हलत नाही, मला बसायची सवय आहे, माझा धंदाच बसायचा आहे. शिक्का मिळाला. मुदत तीस दिवसांची. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि हसतो. माझ्याकडं आठ दिवस उरले होते आणि हसू येत नव्हतं.

मग मी रोज जायला लागले. सकाळी दुकान, अकरा वाजता कार्यालय. तिसऱ्या दिवशी आतल्या केबिनमधल्या अधिकारी बाईंनी मला बोलावलं. बहुधा माझा आवाज आत जात असावा. वयस्कर, शांत बाई. म्हणाल्या, "एकत्रित माहिती आमच्याकडं तयार नाही. कुणी बनवलीच नाही. प्रत्येक संस्था आपापला अहवाल पाठवते, तो फायलीला लागतो. कागद लगेच देता येणार नाहीत. पण अभिलेख बघायचा तुम्हाला हक्क आहे. बसा आणि बघा."

"आजवर कुणी बघितला का हो?" मी विचारलं.

"मी इथं आल्यापासून तर कुणी नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच ते आवडलं नसावं, कारण त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितला.

दोन फायली आल्या. आधी सरकारी आयटीआयची उघडली. इलेक्ट्रिशियन ट्रेड, नावं, पास झाल्याचं वर्ष, मोबाइल नंबर, आणि शेवटच्या रकान्यात सद्यस्थिती. कुठं एखाद्या कंपनीचं नाव, कुठं 'घरी', कुठं 'पुढील शिक्षण'. पण पानामागून पान एकच शेरा जास्त, 'संपर्क झाला नाही'. कुणीतरी निळ्या शाईनं इमानदारीनं लिहिलेला. भाचीचा चेहरा पडला. "इथल्या तर निम्म्यांचा पत्ताच नाही," ती म्हणाली.

मग खासगी संस्थेची फाईल उघडली. तिथं शेवटचा रकाना कसा भरगच्च! नोकरीत, नोकरीत, नोकरीत, स्वयंरोजगार, नोकरीत. भाची सावरून बसली. पान उलटता उलटता म्हणाली, "मावशी, पोरींपुढं पण नोकरीतच लिहिलंय बघ." तिच्या आवाजात असा काही आनंद होता की मी पानाकडं नीट बघितलंच नाही. मग बघितलं. 'नोकरीत'मधला 'क' मी कसा काढते, शेपटी लांब ओढून, ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

आता हे सांगायलाच पाहिजे. दुकान टाकायच्या आधी मी अकरा वर्षं त्या संस्थेत क्लार्क होते. भाचीला ते ऐकून माहीत होतं, पण तेव्हा ती बारकी होती. मलाही माहीत होतं. तरी इतके दिवस मी गावभर आकडा शोधत हिंडत होते, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. खोटं कशाला बोलू, मला ते आठवायचंच नव्हतं.

तिथली पद्धत अशी होती. दर वर्षी अहवाल पाठवायची वेळ आली की आमचे सर मला यादी द्यायचे, जुन्या पोरापोरींना फोन करा आणि काय करतात ते लिहा. दुपारी बारा ते चार या वेळात मी फोन लावत बसायची. अर्ध्याहून जास्त जण उचलायचे नाहीत. पहिल्या वर्षी मी त्यांच्यापुढं रेघ मारून वही नेली. सरांनी वही माझ्याकडं परत सरकवली. म्हणाले, "बाई, जरा डोकं चालवा. रिकामा माणूस दिवसा फोन उचलतो. उचलला नाही म्हणजे ड्युटीवर असेल. लिहा, नोकरीत."

मला ते पटलं! खरंच पटलं. रिकामं माणूस हातात फोन घेऊनच बसलेलं असतं, कामावरच्याला कुठली फुरसत? मी तर कौतुकानं घरी सांगितलं की सर काय हुशार आहेत. मग दर वर्षी तसंच. चहा पिता पिता रकाना भरायचा. संस्थेतून निघताना माझ्या जागेवर आलेल्या पोरीला मी हेच शिकवून आले, आणि फायलीत माझ्या पानांनंतर तिची पानं लागली होती, तशीच भरगच्च. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच, चोर मी, आणि बाबूवर डाफरत होते.

भाचीला तिथं काही बोलले नाही. एका पानावर मात्र एक नाव होतं, ती पोरगी मला चांगली आठवत होती. शहागंजात त्यांचं अस्तर, बटणं, चेन असल्या शिवणाच्या सामानाचं दुकान. हात फार चांगला होता तिचा, बोर्डाचं वायरिंग पोरांच्या आधी पुरं करायची. तिच्यापुढं, 'नोकरीत'. मला वाटलं, निदान हिला तरी लागली असेल. निदान एक तरी शेरा खरा निघू दे.

तिथून रिक्षा करून आम्ही थेट शहागंजला गेलो. दुकान सापडलं. गल्ल्यावर तीच बसली होती, मांडीवर वर्षाचं लेकरू. मला ओळखलं. "अरे मॅडम, तुम्ही! आओ, बैठो." स्टूल पुसून दिलं.

मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "तू कुठं कामाला होतीस गं, कोर्स झाल्यावर?"

"काम?" ती हसली. "एक दिन भी नहीं, मॅडम. दोन-तीन कंपन्यांत गेले, बोले लडकी नक्को, शिफ्ट है. मग बसले दुकानात."

"आम्ही फोन केला होता संस्थेतून. उचलला नाहीस."

"मेरेकु फोन कहां था? फॉर्मवर अब्बांचा नंबर. सगळ्या पोरींच्या फॉर्मवर कुणाचा तरी अब्बा नाहीतर भाई. दोपेहरको दुकान में इतनी भीड, अब्बा कायकू उठाते फोन?"

अकरा वर्षं प्रवेशाचे फॉर्मही मीच भरले होते. पोरीचा नंबर म्हणून बापाचा नंबर मीच लिहिला होता, कारण पोरीकडं फोन नसायचा. आणि कोर्स संपल्यावर त्याच नंबरला फोन लावून, तो बाप दुकानात, कारखान्यात, हातगाडीवर, बाजारात राबत असल्यामुळं फोन उचलत नाही म्हणून, मीच त्याच्या पोरीपुढं लिहिलं होतं, नोकरीत. बाप कामावर होता. पोरगी घरात होती. आणि सरकारच्या फायलीत पोरगी कमावती होती.

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, पद्धत, सर, माझा हात. मला वाटलं ती हसेल. ती आधी हसलीच. मग हळूहळू थांबली.

"तभीच," ती म्हणाली. मग मराठीत, एकेक शब्द सुटा करून, "मॅडम, कोर्सनंतर दोन वर्षांनी सरकारी रोजगार मेळावा भरला होता. आमच्या ट्रेडच्या रिकाम्या मुलांना बोलावलं होतं. माझ्याबरोबरच्या एका मुलाला पत्र आलं, मला आलं नाही. मी जाऊन विचारलं. तिथले बोले, तुम्हारा नाम तो नोकरीवालों में है, तुम्ही कशाला आलात, दुसऱ्याची जागा अडवायला? मी रडून सांगितलं की नाही लागली हो नोकरी. ते म्हणाले, कागदावर आहे."

मी माफी मागितली. दुसरं काय करणार होते? तिनं लेकराला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मेरे बाद कितनी लडकियां गई उधर, मॅडम. संस्थेनं लावलेली नोकरीवाल्यांची यादी बघून गेल्या. यादीत मी होते." मग एक गिऱ्हाईक आलं, ती अस्तर मोजायला लागली, आणि परत माझ्याकडं बघितलं नाही.

परतताना रिक्षात शिव्या द्यायला मला समोर बाबू पाहिजे होता, कार्यालय पाहिजे होतं, सर पाहिजे होते. सरांना तर मी मनातल्या मनात जे नाही ते बोलले. पण पेन सरांच्या हातात नव्हता. रागाचं एक असतं, दुसऱ्यावर असला की माणसाला ताकद येते, आणि स्वतःवर आला की जेवण जात नाही. त्या रात्री माझं ताट तसंच राहिलं.

शेवटच्या दिवशी पाहुणे आले. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला पाहुणेच म्हणतात. सोयगावहून पहाटेच्या एसटीनं निघून ते दुकान उघडायच्या वेळेला दारात हजर, धुतलेला सदरा, काखेत पिशवी. "जयभीम ताई" म्हणाले, पाणी प्यायले, आणि पिशवीतून घडी केलेलं एक पत्रक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. खासगी संस्थेचं. त्यांची माणसं सोयगावच्या शाळेत येऊन वाटून गेली होती. वर हसऱ्या पोरींचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात, 'शासनाला सादर अहवालानुसार', आणि मग नोकरीचे आकडे.

"हितंच टाका," ते म्हणाले. "बाकीचं ऱ्हाऊ द्या."

"पप्पा, ते खोटं आहे," भाची म्हणाली.

"तुला काय कळतंय? सरकारला दिलेला कागद हाय. सरकार खोटा कागद ठेवून घेईल व्हय?"

मी म्हणलं, "पाहुणे, ते खोटं आहे. ते मी लिहिलंय."

त्यांना वाटलं मी रागात बोलतेय. मग मी खुर्ची त्यांच्याकडं वळवली आणि सगळं सांगितलं. फोन, दुपार, सरांचं डोकं, बापांचे नंबर, शहागंजची पोरगी. त्यांनी मध्येच एकदा पोरीकडं बघितलं, तिनं मान हलवली. सांगून झाल्यावर ते बराच वेळ पत्रकावरनं बोट फिरवत राहिले.

"आन् सरकारी आयटीआयचं काय?" त्यांनी विचारलं.

"तिथल्या माणसानं खरं लिहिलंय. ज्यांचा फोन लागला नाही, त्यांच्यापुढं लागला नाही असंच लिहिलंय."

"म्हंजी त्येंचा आकडा कमी."

"व्हय. खरं लिहिलं म्हणून कमी."

"आन् खोटं लिवलं त्येंचा जास्त." त्यांनी मान हलवली. "पर ताई, मी उद्या बाजारात काय सांगू? चार माणसं इचारत्याल, जास्त नोकऱ्या लागतात तिथं न घालता कमी लागतात तिथं का घातली? तिच्या आजाला काय सांगू? माझ्या हातात ह्यो छापलेला कागद हाय. तुमचं तोंडी हाय."

माझा पारा पुन्हा चढला. "पाहुणे, मी तुमच्या बायकोची सख्खी बहीण. माझ्यापेक्षा तुम्हाला हे चोपडं खरं वाटतं?"

"तसं नाय," ते शांतपणे म्हणाले. "मी मापाडी हाय. काट्यावर माल तुमच्या डोळ्यांदेखत तोलला आन् पावती लिवली नाय, तर तो तोललाच नाय. तोंडी मापाला बाजारात किंमत नसती. तुम्ही म्हणता ते खरं आसंल. मग लिवून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच. तुम्ही काय केलं ते. सही करा. मग मी सरकारी आयटीआय म्हणीन."

भाची माझ्याकडं बघत होती. बाहेर तीन-चार पोरी फॉर्मसाठी थांबल्या होत्या, त्यांचे आईबाप दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होते. मी काय काय विचार केला ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. हा कागद उद्या कुणाच्या हातात पडला तर? संस्थेनं माझ्यावरच उलटवलं तर? दुकान बंद पडलं तर? अकरा वर्षं मी 'नोकरीत' लिहिताना एक क्षण थांबले नव्हते. आता खरं लिहायचं म्हणल्यावर मला वकील आठवायला लागले. थू माझ्या जिनगानीवर!

मी कॉम्प्युटरवर एक कोरं पान उघडलं आणि टाइप केलं. की मी अमुक वर्षांपासून अमुक वर्षांपर्यंत त्या संस्थेत क्लार्क होते. की ज्यांनी फोन उचलला नाही त्यांच्यापुढं मी नोकरीत असं लिहिलं. की पोरींच्या बाबतीत ते फोन त्यांच्या बापाभावांचे होते. की त्या पोरींना काम लागलं की नाही ते मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. प्रिंट काढली, सही केली, तारीख टाकली.

पाहुण्यांनी कागद घेतला. पावती तपासतात तसा वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत वाचला. परत एकदा वाचला. मग तो माझ्यापुढं ठेवला आणि मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

"ह्यात आकडा नाय," ते म्हणाले. "अशा किती पोरींपुढं लिवलं?"

मी तोंड उघडलं. नऊ दिवस मी गावाला ज्या एका गोष्टीसाठी धारेवर धरलं होतं, ती माझ्याकडं नव्हती. किती होत्या? मी कधी मोजल्याच नव्हत्या. दर वर्षी वही भरायची आणि पुढं पाठवायची.

"माहीत नाही," मी म्हणलं.

"मग तसं लिवा."

मी पेन घेतला आणि सहीच्या वर, मोकळ्या जागेत, हातानं लिहिलं, अशा मुली किती होत्या ते मला माहीत नाही. पाहुण्यांनी शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि पोरीला म्हणाले, "टाक सरकारी."